कोट स्टुडिओचा

अण्णांच्या तेराव्याला मल्लेश्वरमच्या घरी गेले आणि दारातच थबकले. हार घातलेल्या फोटोत अण्णांच्या अंगात काळा कोट होता, गळ्यात लाल टाय. जन्मभर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात वावरलेला हा चित्रकलेचा मास्तर, आणि फोटोवाल्याने कंप्युटरवर त्यांना थेट बँकेचा मॅनेजर करून टाकलं होतं. "फोटो साधा दिसत होता, म्हणून त्यानंच घातला," वहिनी म्हणाल्या. मला हसू आलं आणि हसता हसता रडू कोसळलं. या कोटाची खरी गंमत कळणारा एकच माणूस होता... आणि तोच त्या कोटात होता.

अण्णा माझ्या नात्यातले नव्हते. मला ते 'तंगी' म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. बेंगळुरूच्या आमच्या जुन्या मराठी घरांत अशी कानडी नाती सहज जुळतात. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद होता, एकोणिसाव्या शतकातल्या माणसांचे फोटो. रद्दीवाल्यांकडून ते आणायचे आणि तासन्‌तास भिंगाखाली धरून बसायचे. एकच शाल त्यांनी चार वेगवेगळ्या माणसांच्या अंगावर ओळखली होती, कोपऱ्यातल्या जळक्या भोकावरून. त्या काळी माणसं स्टुडिओतलीच पगडी, शाल, जाडजूड पुस्तक घेऊन उभी राहत. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकू असे, आणि तेवढ्या वेळापुरतं मोठं होता येई. अण्णांनी त्यांची कधी चेष्टा केली नाही. प्रत्येक फोटोच्या पाकिटावर ते पेन्सिलीने दोनच ओळी लिहीत, स्टुडिओचं काय आणि माणसाचं स्वतःचं काय.

गेल्या वर्षी मी मोठ्या हौसेने आमच्या खापरपणजोबांचा फोटो त्यांच्याकडे नेला. जरीची पगडी, कमरेला तलवार आणि मधल्या बोटात दरबाराने दिलेली अंगठी. त्या अंगठीच्या गोष्टीवर आमच्या चार पिढ्या पोसल्या. माझे वडील तर ती प्रत्येक लग्नात सांगत. अण्णांनी भिंग लावलं. "स्वल्प थांब, तंगी..." भिंग बोटावर नेलं. "पगडी नि तलवार स्टुडिओची. पण ही अंगठी नव्हे गं, अंगुस्ताना आहे. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात तो. शिंपी होते ते. काढायचा विसरले बघ!" त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. माझा पार उतरला. वडिलांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. "तुम्हाला सगळ्यांची सोंगंच दिसतात," असं तोडून बोलले आणि फोटो तिथेच टाकून निघाले.

नंतर त्यांचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा मी उचललाच नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, "मीटिंगमध्ये आहे, अण्णा." "सरी, सरी, असू दे. फोटो जपून ठेवलाय. सवडीनं ये," म्हणाले. सर्जापूर रोडवरच्या माझ्या घरापासून मल्लेश्वरम काही परदेशात नाही. पण माझा राग मोठा होता, आणि पुढे रागाची जागा लाजेने घेतली. आठ महिने मी तिकडे गेलेच नाही... मग वहिनींचाच फोन आला.

तेराव्याचं जेवण झाल्यावर वहिनींनी खापरपणजोबांच्या फोटोचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. 'पगडी, तलवार स्टुडिओची.' 'अंगुस्ताना स्वतःचा.' आणि खाली तिसरी ओळ, जी दुसऱ्या कुठल्याच पाकिटावर नव्हती: 'तंगीचे खापरपणजोबा. नजर तंगीचीच.'

मी टेबलावरचं त्यांचं भिंग उचललं आणि हाराखालच्या फोटोवर धरलं. चष्म्याची मोडकी दांडी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. "नवा घ्या हो," म्हणून मी किती मागे लागायचे, आणि ते म्हणायचे, "दिसतंय की!" कोट चढवणाऱ्याच्या नजरेतून तेवढा दोरा सुटला होता.

वहिनींनी एक कोरं पाकीट आणि पेन्सिल पुढे केली. "यांचंही लिहून ठेव. मला नाही जमत." मी लिहिलं, 'कोट, टाय स्टुडिओचा. चष्म्याचा दोरा स्वतःचा.' तिसरी ओळ लिहायला खूप वेळ लागला.

'तंगीचे अण्णा. तंगी उशिरा आली.'