चष्म्याच्या खिशाचा कोट

दिवसभर तोंडात टाचण्या धरून शिवणकाम करायची सवय, म्हणून त्यांना सगळे टाचणीबाई म्हणत. टाचण्या काढून त्या बोलल्या, की ते जास्त टोचायचं. पण त्या दिवशी बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मशीनवर बसायच्या, उठायच्या, दारातून रस्ता बघून पुन्हा बसायच्या.

मांडीवर कामगार संघाचा कापडी बॅनर होता. त्यावरची 'लोकशाही' ही अक्षरं वीस वर्षांपूर्वी त्यांनीच कापून शिवली होती. उद्याच्या मोर्चाआधी तो शब्द उसवून टाकायचा, असं संघानं ठरवलं होतं.

"आई, बाबांना याच दुकानातून नेलं. तीन वर्षं झाली. नेणाऱ्यांच्या दंडावर काय लिहिलं होतं? लोकशाही रक्षक दल!" मुलगी म्हणाली. "नासलाय तो शब्द. ऐकला की लोक दारं लावून घेतात."

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्यात सोन्याचा काय दोष?" बाई पुटपुटल्या खऱ्या, पण मुलीचं खोटं नव्हतं. तो शब्द वाचला की त्यांचीही नजर आधी दाराकडे जायची. त्यांनी ब्लेड घेतलं आणि पहिलं अक्षर उसवलं.

तेवढ्यात दलाचा एक शिपाई आला, गावात नव्यानंच बदलून आलेला. मुलीनं बॅनर झटकन टेबलाखाली ढकलला. शिपायानं अंगातला कोट काढून बाईंपुढे टाकला.

"काखेत घट्ट होतो. जप्तीच्या गोदामातून मिळालाय, मापाचा कुठला असायला!"

बाईंनी कोट उलटा केला. आत डावीकडे लांबट खिसा, दुहेरी टाक्याचा. नवरा सारखा चष्मा हरवायचा, म्हणून त्यांनीच शिवून दिलेला. त्यांनी त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"उद्या न्या," त्या कशाबशा म्हणाल्या.

तो गेल्यावर मुलगी त्या खिशात बोटं घालून रडायला लागली. "बाबांचा आहे हा."

"कसा? आत्ता त्याच्या अंगात होता ना? मग त्याचाच म्हण. दे टाकून, नासला!" बाईंचा आवाज चिरकला.

 मुलीनं कोट सोडला नाही.

बाईंनी बॅनर वर ओढला आणि उसवलेलं अक्षर होतं तिथंच पुन्हा शिवलं. "संघाला सांग, म्हातारीनं ऐकलं नाही."

दुसऱ्या दिवशी शिपाई आला तेव्हा दुकानाला कुलूप होतं. बाई मोर्चात बॅनरची एक काठी धरून चालत होत्या. भीतीनं दर वळणावर मागं वळून बघत होत्या. अंगात नवऱ्याचा कोट होता, बाह्या पार बोटांपर्यंत आलेल्या.