आमच्या पहिल्या रेकॉर्डवरचे ड्रम

आमच्या बँडची पहिली रेकॉर्ड मुंबईच्या मोठ्या कंपनीनं काढली होती, हे सांगितलं की लोक आजही खूश होतात. मग मला सांगावं लागतं की गाणी आमची होती, कव्हरवरचे फोटो आमचे होते, ड्रमचं मात्र जरा वेगळं आहे. एवढ्यावर माणसं विषय बदलतात. मला तो विषय अजून बदलता आलेला नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आम्ही चौघं होतो. गाणारा, जो गिटारही वाजवायचा, दुसरा गिटारवाला, बेसवाला आणि ड्रमवर मी. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आम्ही कॉलेज कसंबसं संपवत होतो. बेसवाल्याच्या घरची फुलशेती, गंगापूर रोडनं नाशिक सोडलं की जरा पुढे. झेंडू आणि शेवंतीचा माल सकाळी बाजारात गेला की त्यांची पत्र्याची शेड मोकळी व्हायची आणि आम्ही तिथे वाजवायचो. रिकामे क्रेट भिंतीला लावून ठेवले की आवाज कमी घुमतो, हा आमचाच शोध. बेसवाल्याचे वडील अधूनमधून दारात येऊन उभे राहायचे. "चालू द्या तुमचं," म्हणायचे, "फक्त दुपारच्या फुलतोडीच्या आत आवरा, बाया आल्या की त्यांना बसायला जागा नाय राहत."

गाणी आमची मराठीत होती. भराभर वाजणारी, ओरडून म्हणायची, तीन मिनिटांत संपणारी. पेट्रोल संपलेली स्कूटर, क्लासला येणं बंद केलेली मुलगी, परत परत राहिलेला गणिताचा पेपर, असले विषय. या प्रकाराला पॉप पंक म्हणतात हे आम्हाला कंपनीच्या माणसानं सांगितलं. तोवर आम्ही त्याला फास्ट गाणी म्हणायचो आणि आमचं काही अडत नव्हतं.

मी ड्रम कुठल्या क्लासमध्ये शिकलो नाही. शाळेत असल्यापासून मी ढोल पथकात होतो. नाशिकचा ढोल ज्यांनी मिरवणुकीत ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको, पण ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी एवढंच की आमच्याकडे लय एका जागी बसत नाही. ताशेवाला पुढे असतो, सगळ्यांचे डोळे त्याच्या हातांकडे. तो हळूहळू चढवत नेतो, ढोल त्याच्यामागे चढत जातात, आणि सगळं आता फुटणार असं वाटायला लागलं की तो एका इशाऱ्यावर तोडतो. कुणी मागे रेंगाळलं तर त्याला हाक मारत नाहीत. शेजारचा आपला ढोल आणखी जोरात वाजवतो, आणि रेंगाळलेला आपोआप ओढला जातो. पथकात शिकवणी म्हणतात ती एवढीच.

हेच मी बँडमध्ये आणलं. गाणारा माझा ताशेवाला. त्याचा गिटारवरचा हात बघत मी वाजवायचो, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्याला आम्ही दोघं मिळून लय चढवायचो. त्याने ती कडवी लिहिलीच तशी होती. शब्द इतके दाटीवाटीने भरलेले की लय चढल्याशिवाय म्हणताच येऊ नयेत. गॅदरिंगमध्ये पोरं त्या जागेची वाट बघत बसायची.

कंपनीचा माणूस एका गॅदरिंगला आला तो कुणाचा तरी पाहुणा म्हणून. कार्यक्रम झाल्यावर स्टेजमागे येऊन म्हणाला, "शेवटी तुम्ही जे करता ना, तिथे अंगावर काटा आला माझ्या." त्या शेवटावर त्याने आम्हाला मुंबईला बोलावलं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तो स्वतः विसरला.

मला त्या रेकॉर्डवर माझा हात हवा होता. एवढंच. टीव्हीवर दिसायचं होतं असंही नाही. साताऱ्यात किंवा अकोल्यात बसलेल्या कुणीतरी कॅसेट लावावी आणि त्याच्या खोलीत मी वाजवलेलं वाजावं, याची मला फार हौस होती. ढोल वाजला की मिरवणुकीबरोबर निघून जातो. हे राहणार होतं.

स्टुडिओत मला एका काचेच्या खोलीत एकट्याला बसवलं. बाकीचे तिघे बाहेर. कानाला हेडफोन लावले आणि त्यातून टक टक टक असा आवाज सुरू झाला. याला क्लिक म्हणतात. सगळी वाद्यं वेगवेगळी रेकॉर्ड करायची, मग ती एकमेकांवर बसावीत म्हणून सगळ्यांनी या टकटकीबरोबर वाजवायचं. गाणी बसवून द्यायला अरेंजर म्हणून जो होता त्याने हे इतक्या सहज सांगितलं की मी मान डोलावली.

पहिली दोन कडवी बरी गेली. शेवटचं आलं आणि माझे हात निघाले. टकटक मागे पडली. आता पथकातल्या माणसाला मागे पडलेल्याचं काय करायचं असतं ते एकच ठाऊक. मी जोर वाढवला. ती येईना. मी आणखी जोर वाढवला. मी खरोखर त्या टकटकीला ओढून आणायचा प्रयत्न करत होतो. आज हसू येतं, पण तेव्हा मला मनापासून वाटत होतं की एवढं वाजवल्यावर कुणीही आलंच पाहिजे.

अरेंजरनं थांबवलं. "बॉस, तू पळतोयस."

"पळत नाही, चढवतोय," मी म्हटलं.

"हां, तेच. ते नको करूस."

आम्ही परत केलं. मग परत. त्यांनी कानातली टकटक मोठी केली, माझं डोकं भणभणायला लागलं. मी म्हटलं, मला गाणाऱ्याचा हात दिसेल असं बसवा. बसवलं. आता मी टकटकीकडे पूर्णच दुर्लक्ष करायला लागलो. मी म्हटलं, आम्ही चौघं एकदम वाजवतो, तुम्ही आहे तसं घ्या, गॅदरिंगला कुठे होती टकटक. अरेंजरनं कंपनीच्या माणसाकडे बघितलं. कंपनीच्या माणसानं, ज्याच्या अंगावर काटा आला होता त्याने, घड्याळाकडे बघितलं.

त्यानंतर जे झालं ते मला अजून पचलेलं नाही. अरेंजर फार गोड आवाजात म्हणाला, "असं कर, एक एक ड्रम फक्त एकेकदा वाजव. जोरात, हलका, मधला." मी वाजवलं. समोरचा छोटा स्नेअर, मग पायानं वाजतो तो मोठा किक, मग एकेक झांज. मला वाटलं आवाज तपासतायत. जेवून आलो तर ते सगळे सुटे ठोके त्यांनी मशीनमध्ये भरले होते आणि मशीन आमचं गाणं वाजवत होतं. एकसारखं, सरळ. माझ्याच स्नेअरचा आवाज, माझ्याच काठीचा, आणि मी दारात उभा.

"टेन्शन नको घेऊस, आवाज तुझाच आहे," अरेंजर म्हणाला. या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोथिंबीर माझी म्हणून भाजी मी केली असं होत नाही. मी बोललो थोडं, पण भांडायची वेळ आली की तिथे सगळे हिंदी-इंग्रजीवर जायचे आणि मला भांडता येतं ते मराठीत.

गाणाऱ्याला मी बाहेर घेऊन गेलो. त्याला म्हटलं, "तू बोल. तुझं ऐकतील."

तो म्हणाला, "अरे, एकदा रेकॉर्ड तर होऊ दे. लाइव्हला तूच आहेस ना."

"आणि शेवटचं कडवं?"

"ते म्हणेन मी बरोबर."

त्याला ते म्हणता आलं नाही. सरळ लयीत ते शब्द नुसते लोंबकळायला लागले. चढ नाही म्हटल्यावर एवढी दाटी कशासाठी हेच ऐकणाऱ्याला कळेना. दुसऱ्या दिवशी अरेंजरनं सगळ्याच गाण्यांची शेवटची कडवी उडवली आणि तिथे मुखडा आणखी दोनदा लावून दिला. गाणाऱ्यानं कडव्यांची वही मिटून बॅगेत टाकली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर जरा बरं वाटलं. आता कळलं का, असं मनात आलं. ते बरं वाटणं नाशिक येईपर्यंतही टिकलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी स्टुडिओत काम करणाऱ्या एकाने सहज सांगितलं की त्या क्लिकलाही चढवता येतं. कुठल्या जागी किती, ते आधी ठरवून टाकलं की ती बरोबर चढत जाते. तेव्हाही येत होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण विचारायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं, आणि त्यांना आमच्यासाठी तेवढे कष्ट घ्यायचे नव्हते. त्याने पाजलेल्या चहात मग माझं लक्ष लागेना.

कॅसेट आली. रिक्षात वाजायला लागली. केबलवर एक गाणं लागलं, त्यात मी केसांना जेल लावून, काळा गॉगल घालून, सगळ्यांच्या मागे हात हलवतोय. आईनं घरी कॅसेट दोनदा ऐकली. ती येवल्याकडची, तिला स्तुती करायची सवय नाही. मी गच्चीवर वाजवायचो तेव्हा खालून कायम ओरडायची, "पळतोस कुठं एवढा?" कॅसेट ऐकून म्हणाली, "या टायमाला लय नीट वाजवलं तू. अजिबात पळला नाय." मी पानातली भाकरी मोडत बसलो.

मग कंपनीनं कार्यक्रम लावले, आणि एक अट घातली की लोकांनी जे ऐकलंय तेच ऐकू यायला हवं. म्हणजे मी फुलांच्या शेडमध्ये बसून वॉकमन कानाला लावला आणि आमची स्वतःची गाणी कॅसेटवरून शिकलो. मशीन कुठे काय करतं, ते पाठ केलं. बेसवाला समोर बसायचा, काही बोलायचा नाही, वाजवत राहायचा. त्याच्या त्या न बोलण्याचा मला फार आधार होता आणि रागही यायचा.

नाशिकचा कार्यक्रम गंगापूर रोडच्याच एका मैदानात झाला. गर्दी कॉलेजच्या पोरांची. सगळ्यांना सगळं पाठ. जवळजवळ सगळा कार्यक्रम मी शहाण्यासारखा वाजवला. शेवटचं गाणं स्कूटरचं. दुसरा मुखडा संपला आणि मी ठरवलं, बास. हे माझं गाव आहे, इथली माणसं चढत्या लयीवरच लहानाची मोठी झालीत, इथे तरी मी मशीन होणार नाही. मी हात सोडले. गाणाऱ्यानं वळून बघितलं. तो हसला, आणि त्याने ते उडवलेलं कडवं उचललं. बेस आला, दुसरी गिटार आली. कितीतरी महिन्यांनी आम्ही चौघं एकत्र पळत होतो.

समोरची पोरं मात्र गायची थांबली. त्यांच्या तोंडात मुखडा होता आणि आम्ही वेगळंच काहीतरी म्हणत होतो. आधी काहींनी टाळ्या धरायचा प्रयत्न केला, त्या टाळ्या आमच्या मागे पडल्या. मी जोर वाढवला. मग टाळ्या बंदच झाल्या आणि पुढच्या रांगेतले एकमेकांकडे बघायला लागले. आम्ही तोडलं तेव्हा थोड्या लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या.

मी झांजा उतरवत होतो. तीन-चार पोरं स्टेजजवळ आली, त्यातल्या एकाच्या हातात आमची कॅसेट होती, सही घ्यायला आणलेली. गाणाऱ्याची सही झाली, बेसवाल्याची झाली. मग त्याने माझ्याकडे बघितलं, गॉगल नाही, जेल नाही, घामाघूम. त्याने फार अदबीनं विचारलं, "दादा, कॅसेटवर ड्रम वाजवणारे आज आले नाहीत का?"

मी म्हटलं, "नाही आले."