माझं इंग्रजी कुठंय?

बी.एड.ला रोज एक पाठ घ्यावा लागतो आणि रोज एक किस्सा फुकट मिळतो. माझ्या पाठाच्या वहीची मागची पानं अशा किश्श्यांनीच भरलीत! माझी सुरुवात मात्र एवढ्याशा गोष्टीनं झाली. शिरूरच्या आमच्या कॉलेजातल्या क्लार्क सरांनी माझं बी.ए.चं मार्कशीट वाचलं, उलटं करून पाहिलं आणि पाणी प्यायले.

"मॅडम, तुमचं इंग्रजी कुठंय?"

"सर, स्पेशल इंग्लिशच होतं माझं!"

"इथं विषयांचे नुसते कोड हायेत. जुन्या कॉलेजचं पत्र आणा. शनिवारपर्यंत आलं न्हाई तर इंग्रजी मेथड कट. इतिहास घ्यावा लागंल."

मेथड म्हणजे बी.एड.ला निवडलेला शिकवायचा विषय. हायस्कूलला इंग्रजी शिकवायचं तर बी.ए.ला इंग्रजी हवं आणि बी.एड.लाही. जुनं कॉलेज दौंडला. तिथल्या ऑफिसचा फोन वाजतो, उचलत कुणी नाही. स्वतः जावं तर पाठाच्या दिवसांत रजा मिळत नाही. सोमवारी अकरा वेळा लावला.

*

आमच्या ग्रुपमधला सागर कवठे येमाई गावचा, एम.ए. इंग्लिश. त्याच्या आप्पांना हे गणित अजून पटलेलं नाही.

"एम.ए. मोठं का बी.एड.?"

"एम.ए., आप्पा."

"मग मोठं झाल्याव हे कशापायी?"

"माध्यमिकला शिकवायला बी.एड. लागतंच."

आप्पा म्हणाले, "म्हंजी पुण्याला पोचल्याव तिकीट काढाय माघारी शिरूरला यायचं!"

*

सराव शाळेतल्या पोरांनी इतके बी.एड.वाले पाहिलेत की पाठाच्या पायऱ्या त्यांना आमच्याआधी तोंडपाठ!

राहू गावची सविता आमच्यात सगळ्यात धीट. तिनं प्रस्तावनेचे प्रश्न विचारले आणि थेट कविता वाचायला घेतली. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

"मॅडम, हेतुकथन राहिलं!"

हेतुकथन म्हणजे आज काय शिकायचंय ते आधी सांगणं. मागं बसलेल्या निरीक्षक मॅडमनी सविताचे मार्क कापले आणि मुलीला म्हणाल्या, "व्हेरी गुड!"

*

माझा बुधवारचा पाठ. तोवर दौंडला किती फोन लावले ते मोजणं सोडून दिलं होतं.

उच्चारांचा सराव चालला होता. मी म्हणायचं, वर्गानं मागून म्हणायचं. रंगात आले होते. एवढ्यात डोक्यावरच घंटा झाली आणि मी दचकून ओरडले, "अगं आई!"

सगळा वर्ग एका सुरात, "अगं आई!"

निरीक्षक मॅडमनी शेरा दिला: उच्चार स्पष्ट. प्रतिसाद उत्तम.

*

शुक्रवार, मधली सुट्टी. मोबाईल स्पीकरवर ठेवून दौंडला फोन लावला आणि डबा उघडला. त्या रिंगची आता इतकी सवय झालेली की सविता तिच्या तालावर शेंगदाण्याची चटणी वाढत होती.

सागर म्हणाला, "इतिहास काय वाईट नसतो गं."

मला रडू येत होतं. म्हणून मोठा घास घेतला.

रिंग थांबली.

"हॅलो! कोण हाय?"

मी ताडकन उभी राहिले, घास तोंडात तसाच. "प्रेझेंट, सर!"

पलीकडं लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज.

"बरं. रोल नंबर सांगा."