बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवताना

शिरूरला नर्सिंग शिकताना बाळंतिणीचं पोट तपासायला आम्हाला रबरी पुतळ्यावर शिकवलं. त्याच्या पोटात मॅडम दोन गोळे आलटूनपालटून बसवायच्या. घट्ट लागला, तर गर्भाशय नीट आकसलंय. मऊ लागला, तर रक्त जास्त जायची भीती. लगेच चोळायचं आणि हाक मारायची. मला डोळे मिटूनही फरक ओळखता यायचा.

मग दौंडला वॉर्डात पाठवलं. पहिलीच बाळंतीण न्हावऱ्याची, माझ्याच वयाची. बाळंत होऊन चार तास झाले होते. सासू बाळाला घेऊन शेजारी बसली होती. मी बेंबीजवळ हात ठेवला, तर जिथं गोळा लागायला हवा तिथं लागेना. चाचपत गेले, तर तो बेंबीच्या वर, उजव्या अंगाला. घट्ट म्हणावा तर घट्ट नाही, मऊ म्हणावा तर मऊ नाही. माझा हातच चुकतोय की काय?

"लई येळ बघताय. काय झालंय का?" सासूनं विचारलं.

"थांबा हं मावशी," म्हणत मी सिस्टरना बोलावून आणलं. त्यांनी पोटाला हात लावायच्या आधी सुनेलाच विचारलं, "लघवीला कधी गेली होतीस?"

तिनं मान खाली घातली. "न्हाई गेले. टाके दुखतील म्हनून."

सिस्टर मला म्हणाल्या, "घेऊन जा हिला."

मी तिला धरून संडासापर्यंत नेलं. वाटेत तिनं माझं मनगट गच्च पकडलं होतं. परत येऊन ती आडवी झाली, मी हात ठेवला आणि गोळा बेंबीच्या खाली, मधोमध, घट्ट. पॅड पाहिलं, रक्तही बेतानंच होतं.

"मगाशी काय झालं व्हतं, ताई?" सुनेनं विचारलं.

"लघवीची पिशवी भरली होती. तिनं गर्भाशय बाजूला सारलं होतं."

हे वाक्य मला पाठ होतं, वहीत मीच लिहिलं होतं. मग हाताखाली तेच असताना कसं आठवलं नाही, हे मला समजेना. दुपारी पुन्हा तिचं पोट बघायला गेले, संध्याकाळी ड्यूटी संपताना आणखी एकदा. सासू घाबरली. "खरं सांगा, काय बिघडलंय का?"

"तिचं बरं आहे, मावशी. मलाच नीट कळत नाहीये."

सुनेनं आपणच पदर बाजूला केला. "मग बघा की परत," ती म्हणाली.