एकट्या माणसाला एवढा साबण कशाला?

महिन्यातल्या एका रविवारी मी आणि शैला स्कूटरवरून सामान वाटायला निघतो. मुलुंड, भांडुप, घाटकोपर. म्हातारी, एकटी राहणारी, हातात फारसं काही नसलेली माणसं, त्यांना महिन्याचं वाणसामान. आमच्या सोसायटीच्या ग्रुपनं हे सुरू केलं. शैला स्कूटर चालवते, मी मागे पिशव्या सांभाळत बसते आणि तिच्या ब्रेकला शिव्या घालते. दुपारी घरी आले की नवरा विचारतो, तू सामान वाटायला जातेस की गप्पा मारायला? आता दार उघडून माणूस बोलायलाच लागला, तर काय कानात बोळे घालू? किस्से असेच साठतात. आणि साठले की कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर ऐका.

*

घाटकोपरच्या एक आजी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. धापा टाकत पोचलो, तर दार साखळीएवढंच उघडलं. हल्ली फसवाफसवी फार, टीव्हीवर रोज दाखवतात, तेव्हा अनोळखी माणसाला आत घेणार नाही, असं आजींनी फटीतूनच सांगितलं. म्हटलं, बरोबर आहे तुमचं. मग त्या फटीतून एकेक वस्तू आत द्यायला लागलो. साखर गेली, चहा गेला, डाळ गेली. पिठाची मोठी पिशवी काही जाईना. ती तिथेच ठेवा आणि निघा, अशी ऑर्डर आली.

आम्ही अर्धा जिना उतरून थांबलो. न जाणो, उचलता नाही आली तर? दार उघडलं, पीठ आत गेलं, दार बंद झालं, साखळी लागली. आणि आतून आवाज आला, "जिन्यात उभ्या आहात ते कळतंय मला. चहा टाकलाय, वर या."

वर गेलो. साखळी तशीच! कप फटीतून बाहेर आले. बशा मात्र अडकल्या, त्या आतच राहिल्या.

*

भांडुपला खाडीच्या बाजूला एक कोळीण मावशी आहेत. जन्मभर मासे विकले, आता गुडघे गेलेत. आवाज अजून बाजारातलाच आहे. पिशवीतली तूरडाळ काढून त्यांनी सरळ माझ्या हातात परत दिली. डाळ म्हणे त्या फक्त आजारपणात खातात.

"मला ताप नाय. तुला हाय काय?"

वर घरचे सुके बोंबील कागदात बांधून दिले. नाही म्हणायची सोयच नव्हती. आमची शैला पक्की शाकाहारी, आणि बोंबील तिच्याच डिकीत! पुढची सगळी घरं आम्ही तो वास घेऊन फिरलो. शेवटच्या घरी आजोबांनी पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. नाक वर करून म्हणाले, "हे पण वाटताय काय?"

*

देणगी देणाऱ्यांना फोटो लागतात. मला हा प्रकार अजिबात आवडत नाही, पण करणार काय? मुलुंडचे एक सर आहेत. क्लासमध्ये गणित शिकवायचे, पेन्शन वगैरे काही नाही. पिशवी हातात धरून उभं राहायला त्यांनी साफ नकार दिला. भांडले मात्र नाहीत. माझा मोबाइल काढून घेतला आणि म्हणाले, फोटो मी काढतो, पिशवी तुम्ही धरा. उन्हात फिरून माझा अवतार झालेला, केस चहूकडे उडालेले. सरांनी अगदी मन लावून फोटो काढला आणि शैलाबाईंनी तो न बघता बाकीच्या फोटोंबरोबर पाठवून दिला.

संध्याकाळी एका देणगीदारांचा फोन आला. "त्या शेवटच्या फोटोतल्या बाईंची परिस्थिती फारच वाईट दिसतेय हो. त्यांना दोन पिशव्या देत जा."

*

आता परब काकांचं सांगते. साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये त्यांनी लेथ मशीन चालवण्यात उमेदीची वर्षं घालवली. लग्न केलं नाही, पगार गावी पाठवला, धाकट्या भावाला शिकवलं. आता भांडुपला भाड्याच्या एका खोलीत एकटे राहतात. भावाकडून काही घ्यायचं म्हटलं तर नावच काढू देत नाहीत. आमच्याकडे त्यांची दर महिन्याला एकच मागणी असायची. डाळ-पीठ कमी द्या, साबण आणि चहापत्ती जास्त द्या.

शैला म्हणाली, एकट्या माणसाला एवढा साबण कशाला? विकतात की काय? माझ्याही डोक्यात ते बसलं. त्यात काका दिवसेंदिवस वाळत चाललेले. एकदा मी फटकन विचारलंच. त्यांनी कॉटखालची पेटी ओढली. साबण, चहा, साखर, बिस्किटं, सगळं नीट रचून ठेवलेलं. गणपतीला गावी न्यायला!

मुंबईहून कोकणात रिकाम्या हातानं जायचं नसतं, हे मला कोणी सांगायला नको, माझं माहेर तिकडचंच. तरी मी भडकले. स्वतः अर्धपोटी राहून दुसऱ्यांना साबण वाटता, लाज नाही वाटत, इथपर्यंत बोलले.

काका म्हणाले, "ताई, इथे मला कोण ओळखतं? तिकडे उतरलो की पोरं 'मुंबईचे काका आले' म्हणून धावत येतात. तेवढं राहू द्या."

परत येताना शैलानं ठरवून टाकलं, डाळ-पीठ पूर्ण द्यायचं, साबण-चहा आपण दोघी वेगळा घालायचा. रडत होती आणि स्कूटर चालवत होती. मी जीव मुठीत धरून बसले होते.

गणपती झाले, काका परत आले. पुढच्या रविवारी आम्ही गेटपाशी पिशव्या भरत होतो, तेवढ्यात रिक्षातून एक गृहस्थ उतरले. खांद्यावर घरच्या तांदळाचं पोतं. परब काकांचा धाकटा भाऊ! वाकोल्याला लेकीकडे आले होते. आमचा पत्ता कसा मिळाला, तर पिशवीवरून. काका दर वर्षी साबण-चहा आमच्याच पिशवीतून न्यायचे, आणि तिच्यावर ठळक छापलंय, 'एकट्या ज्येष्ठांना सप्रेम भेट', खाली सोसायटीचं नाव.

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत आहे? तर हो, पोरांनासुद्धा. कोणी कधी तोंडातून शब्द काढला नाही. पोरं अजून तशीच धावत जातात.

त्यांनी पोतं खाली ठेवलं. "तेना आमका शिकवल्यान. पण माझ्याकडसून तो काय घेवचो नाय. तुमच्या पिशवीतसून दिया. माझा नाव काढू नकात."

त्या दिवशी काकांच्या पिशवीत तो लाल तांदूळ घातला. काकांनी मूठभर हातात घेतला, वास घेतला, दोन दाणे दाताखाली धरले. मी उगाच पंख्याकडे बघत उभी राहिले.

"हा कुठला तांदूळ?"

"सगळ्यांनाच दिलाय, काका," शैला खोटं बोलली.

काकांनी मूठ परत पिशवीत सोडली. "बरा आहे. पण एकदा आमच्या भावाच्या शेतातला खाऊन बघा, ताई. त्याची सर ह्याला नाही."