लाल कापडातली कागदं

ती कागदं गेली. आमच्याच घरच्यांनी बुडवली, नमस्कार करून.

आज कमलआत्याची तेरवी. पाहुणे जेवून गेले. मी पवनीजवळच्या कोंढ्याला तिच्या घरी, देवघरासमोर बसून हे टाइप करतेय, कारण मले दुसरं काही सुचून नाही राहिलं.

इथं लाल कापडाचं एक गाठोडं असायचं. घरात सगळे त्याला पोथी म्हणायचे.

पोथी नव्हती ती.

आत्याच्या सासूनं आणि तिच्या मैत्रिणींनी गावोगाव फिरून, शिव्या खाऊन बायांच्या सभा घेतल्या होत्या. त्यांची पत्रकं होती त्यात, मुलींच्या शाळेसाठी केलेले अर्ज होते. आणि एक शपथ, पोरगी शिकल्याबिगर तिचं लगन लावणार नाही. खाली बायांची नावं आणि अंगठे.

आत्याचा नवरा हे सगळं चुलीत घालायला निघाला होता.

"मंग म्या लाल कापडात बांधून देवापाशी ठेवलं," आत्या हसून सांगायची. "पोथीले कोन हात लावते वो?"

कोणीच लावला नाही. तिच्या मुलाला, सुधाकरदादाला, लहानपणापासून एकच सांगणं होतं, आंघोळीबिगर हात नोको लावू.

फक्त मला तिनं ते उघडून दाखवलं. मी बारावीत होते, बाबा माझं लग्न जमवत होते. आत्या त्यांच्याशी भांडली आणि लग्न थांबलं. मी आज नोकरी करते ती त्यामुळे.

सकाळी दादाला विचारलं, "गाठोडं कुठं आहे? भंडाऱ्याला नेऊन स्कॅन करते."

"मायची पोथी? अस्थीसंगं वैनगंगेत सोडली ना. फुलं वाहून सोडली, बाई. तिच्यामागं कोन वाचंन?"

काय होतं त्यात ते मी सांगितलं. दादानं देवघराकडं बघितलं.

"मले काहून नाई सांगतलं मायनं?"

त्याच्यावर रागावू तरी कशी? आईची वस्तू म्हणून जपून नेली होती त्यानं.

आम्ही दोघं घाटावर जाऊन आलो. लाल कापड काठच्या झुडपात अडकलं होतं. आत काहीच नव्हतं.

माझ्या फोनमध्ये एकच फोटो आहे. आत्या शपथेचा कागद धरून हसतेय, आणि नावं तिच्या हाताखाली झाकली गेलीत. फक्त 'सखू' दिसतं. कुठली सखू, माहीत नाही.

प्लीज, पवनीकडचे कोणी वाचत असाल तर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पणजी कधी अशा सभेला गेली होती का? तिचं नाव काय होतं? मला पाठवा. अर्धं आठवलं तरी चालेल.

आत्या, तुला शेवटचा नमस्कार करायचा आहे.

हात जोडवत नाहीत वो.