मागच्या खोलीपर्यंत न पोचणारं वायफाय

पेणला आमचा गणपतींचा कारखाना. आण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर मूर्तींचे डोळे आखत आले. आता हात थरथरतो, ऐकू तर अजिबात येत नाही. मागच्या खोलीत पडून असतात. मी लग्न होऊन रोह्याजवळच्या अष्टमी गावात आले, तरी हंगामात मूर्ती घरी आणून डोळे आखते. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आण्णांना दाखवायचे. माझे ओठ बघून त्यांना बोलणं कळायचं. डोळा चुकला की ते बोटाने स्वतःची खालची पापणी ओढायचे, म्हणजे रेघ खाली घे. जमला तर नुसती मान हलवायची. ती मान हलल्याशिवाय मी मूर्ती कुणाच्या हातात दिली नाही.

यंदा कारखाना सांभाळणाऱ्या भावाने पेणच्या घरी नवं वायफाय बसवलं. "वायफाय सिक्स हाय, ताई! आपलं जुनं फोर म्हणजे बैलगाडी." परदेशातल्या गिऱ्हाइकांना मूर्तींचे व्हिडिओ झटक्यात जातात म्हणे. जाऊ देत बापडे! पण तेव्हापासून आण्णांना कॉल लागेचना. भावाला विचारलं की उत्तर ठरलेलं, "झोपलेत."

शेवटी तणतणत पेण गाठलं. बघते तर काय, नेट अडतं म्हणून या शहाण्याने नव्या राउटरच्या डब्यातला जुना, २.४ गिगाहर्ट्झचा बँड बंदच करून टाकलेला. उरला ५ चा. तो पळतो झकास, पण भिंती आल्या की गळपटतो, आणि आण्णांच्या जुन्या फोनला तर तो दिसतच नाही. जुना रडतखडत का होईना, मागच्या खोलीपर्यंत जायचा. "बापाच्या खोलीत पोचत नाय, ते कसलं रे भारी?" मी ओरडले.

"त्यांना आता नेट कशाला लागतंय?" भाऊ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. जळ्ळं मेलं लक्षण!

मी तशीच आत गेले. पिशवीतली मूर्ती आण्णांच्या पुढ्यात धरली. त्यांनी बराच वेळ डोळे न्याहाळले. पापणीला हात लावला नाही.

"हात बसला गो तुझा," ते म्हणाले. "आता मला विचारायची गरज नाय. म्हणून फोन बंद केलास, व्हय ना?"

"नाय ओ आण्णा, नाय!" मी म्हणाले. पण रडू आवरेना म्हणून तोंडावर पदर दाबला होता. माझे ओठ त्यांना दिसलेच नाहीत. ते समजुतीने मान हलवत राहिले.